अंगावरून जातंय, ते अंगावर काढू नका

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. या पानावरची एवढी एकच ओळ घरोघरी पोचली तरी आम्हाला समाधान आहे. आपल्याकडे दुखणं कशाला म्हणतात? जे बाईला अंथरुणावर पाडतं त्याला. बाई नळावरून पाणी आणतेय, चार घरची धुणीभांडी करून येतेय, रात्री भाकऱ्या थापतेय, म्हणजे ती बरी. मधूनच दोन डाग पडले, पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर ती कुणाला सांगत नाही. सांगितलंच तर शेजारणीला. शेजारीण म्हणते, "पाळी जायच्या वयात असं होतंच गं." अंगारे-धुपारे आपल्या आजी-आजोबांनी १९५६ साली सोडले. ही समजूत मात्र अजून आपल्या घरात मुक्कामाला आहे.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाच्या आसपास बायका त्याने जातात. बायकांच्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगानंतर याचाच नंबर लागतो. पण हा लवकर सापडला तर बरा होतो, आणि त्याच्या आधीची पायरी सापडली तर होतच नाही. म्हणूनच ही मरणं आम्हाला जास्त डाचतात. घरातल्या पुरुषांनीही हे पान वाचावं, कारण दवाखान्याची वेळ आली की पैसे, सुट्टी आणि सोबत या तिन्ही गोष्टी त्यांच्याशी येऊन अडतात.

कोणतं रक्त नेहमीचं नाही

पाळी संपून गेली आणि पुढच्या पाळीच्या आधी मध्येच डाग पडले, हे एक. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त दिसलं, हे दुसरं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त आलं, मग ते थेंबभर का असेना, हे तिसरं. या तीन वेळचं रक्त नेहमीचं नाही. चौथी खूण अंगावरून जाण्याची. पाण्यासारखं, तांबूस, वास मारणारं जात असेल आणि औषधानेही थांबत नसेल, तर ते तपासायलाच हवं. नुसतं पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं, त्याला घाबरू नका. पण औषध पूर्ण घेऊनही पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर तीच गोळी पुन्हा आणू नका.

कंबर आणि ओटीपोट सतत दुखणं, एकच पाय सुजणं, लघवी अडणं या उशिराच्या खुणा आहेत. त्यांची वाट बघत बसलो तर सोपा टप्पा हातातून गेलेला असतो.

वर सांगितलेलं काही दिसलं म्हणजे कर्करोगच झाला, असं मुळीच नाही. मांसाचा कोंब असतो, जखम असते, पिशवीत गाठी असतात. बहुतेकींना यातलंच काहीतरी निघतं. पण काय आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकं बघणंच राहून जातं. मेडिकलवाल्याकडून रक्त थांबायची गोळी आणली जाते. गोळीने रक्त थांबतं, आजार थांबत नाही. कुणी सोनोग्राफी करून घेतं, ती चांगली येते आणि सगळे निर्धास्त होतात. सुरुवातीचा हा कर्करोग सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. पिशवीचं तोंड योनीच्या आतल्या टोकाला असतं. तिथे यंत्र घालून, उजेड टाकून, डोळ्यांनी पाहावं लागतं. म्हणून डॉक्टरांपुढे म्हणायचं एक वाक्य पाठ करून ठेवा: "मला आतून तपासा."

लाज वाटणारच. बाई डॉक्टर मागा. पुरुष डॉक्टर असतील तर नर्स किंवा आपली कुणी बाई शेजारी उभी राहील असं सांगा, तो तुमचा हक्क आहे. दवाखान्यात कधी कुणी खेकसतं, "एवढे दिवस काय झोपली होतीस?" आपल्या बायका अशा एका वाक्याने घरी परत फिरतात आणि पुन्हा ती पायरी चढत नाहीत. म्हणून एकटीने जाऊ नका. विहारातल्या बैठकीतून दोघी-तिघी मिळून जा. खेकसणाऱ्याचा आवाज तिघींसमोर आपोआप खाली येतो, असा आमचा अनुभव आहे.

हा होतो कशाने

एचपीव्ही नावाच्या विषाणूने. हराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने या विषाणूचा आणि कर्करोगाचा संबंध दाखवून दिला, त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि इथेच घरात भांडणं सुरू होतात. तेव्हा नीट समजून घ्या. ज्यांचा कधीही संबंध आला आहे अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी हा विषाणू गाठतो. एकाच नवऱ्याबरोबर संसार केलेल्या बाईलाही. पुरुषाला तो झालेला कळतसुद्धा नाही. बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप निघून जातो. थोड्या बायकांमध्ये मात्र ठाण मांडून बसतो आणि १० ते २० वर्षांत हळूहळू पेशी बिघडवतो. आज चाळिशीत सापडलेला आजार विशीतल्या संसर्गाचा असू शकतो. त्याची तारीख शोधत बसण्यात आणि बाईच्या चालीवर बोट ठेवण्यात काही अर्थ नाही. "अस्वच्छ राहिली म्हणून झालं" हे बोलणंही बंद व्हायला हवं. वस्तीत पंचवीस घरांमागे एक संडास ठेवायचा आणि आजारी बाईला अस्वच्छ म्हणायचं, हा कुठला न्याय?

कमी वयात लग्न, जास्त बाळंतपणं, बिडी-सिगारेट यांनी धोका वाढतो. एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये हा आजार लवकर वाढतो, त्यांनी २५व्या वर्षापासून तपासून घ्यावं.

व्हिनेगरची तपासणी

१० ते २० वर्षांचा हा काळ आपल्या फायद्याचा आहे, कारण तेवढ्या काळात बिघडू लागलेल्या पेशी कर्करोगाआधीच सापडू शकतात. त्याची साधी तपासणी अशी: बाईला पाठीवर झोपवून पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरचं पातळ पाणी लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. पाचेक मिनिटांचं काम. थोडं चुरचुरतं, भूल लागत नाही. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, एवढंच पथ्य.

ही तपासणी आपल्यासारख्याच वस्त्यांत सिद्ध झाली आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकून प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. दर दोन वर्षांनी तपासणी झाली. १२ वर्षांनी पाहिलं तर तपासणी झालेल्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. या अभ्यासात निम्म्या वस्त्यांना नुसती माहिती दिली, तपासणी दिली नाही. त्यावर पुढे टीका झाली आणि ती आम्हाला रास्त वाटते. पण त्यातून जे कळलं ते आपल्याच बायकांच्या जिवावर कळलेलं आहे, मग त्याचा उपयोग तरी आपण पुरेपूर करून घ्यावा.

सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी ही तपासणी ठरलेली आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे २ जणींचीसुद्धा ती झालेली नव्हती. जवळच्या आरोग्य केंद्रात कोणत्या वारी होते, ते आशाताईंना विचारा. पन्नाशीनंतर पिशवीच्या तोंडाची बिघडणारी जागा आत सरकते आणि व्हिनेगरने नीट दिसत नाही. त्या वयात पॅप किंवा एचपीव्हीची चाचणी मागा.

पांढरा डाग निघाला म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो किंवा कर्करोगाआधीची पायरी असते. ती जागा थंडाव्याने किंवा उष्णतेने जाळतात, नाहीतर तारेने कापून काढतात. बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येते. उलट, ज्या बाईला रक्त जातंय तिने या व्हिनेगरच्या शिबिरावर विसंबू नये. तिला डॉक्टरांनीच पाहायला हवं आणि शंका आली तर तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. "तुकडा काढला की रोग पसरतो", "हत्यार लागलं की भडकतो" असं घरोघरी ऐकू येतं. तसं होत नाही. तुकड्याशिवाय कर्करोग ठरत नाही आणि उपचारही ठरत नाही.

"पिशवीच काढून टाका"

आता ज्या गोष्टीचा आम्हाला सगळ्यात जास्त राग येतो तिच्याबद्दल. अंगावरून जातंय म्हणून बाई खाजगी डॉक्टरकडे जाते. तो सोनोग्राफी करतो, "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका" म्हणतो. कर्ज काढून ऑपरेशन होतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांचं काय झालं, ते २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत पुढे आलं. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हा उपचार नाही. आणि पाळी लवकर बंद पडून हाडं ठिसूळ होतात, ते वेगळंच.

याची दुसरी बाजू फार जणांना ठाऊक नसते. पिशवीच्या तोंडाशी खरोखरच कर्करोग असेल आणि तो न तपासता साधं ऑपरेशन करून पिशवी काढली, तर आजूबाजूचा भाग आणि गाठी आत राहून जातात. मग पुन्हा मोठे उपचार करावे लागतात आणि बरं होण्याची शक्यताही घटते. म्हणून कुणी पिशवी काढायला सांगितलं तर एकच विचारा: "पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली का? तिचा कागद दाखवा." कागद नसेल तर सरकारी मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्या. चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

पहिला टप्पा म्हणजे काय

तुकड्याचा अहवाल कर्करोगाचा आला की घरात रडारड होते. पण पुढचा प्रश्न टप्पा कोणता, हा आहे. पहिल्या टप्प्यात आजार पिशवीच्या तोंडापुरताच असतो. कधी तर तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. या टप्प्यात पूर्ण उपचार झालेल्या १०० पैकी ८० ते ९० बायका पाच वर्षांनंतरही बऱ्या असतात. म्हणून "कॅन्सर म्हणजे संपलं" हे वाक्य तिच्यासमोर तर नाहीच, तिच्या पाठीमागेही बोलू नका.

अगदी लहान आजारात शंकूच्या आकाराचा तुकडा काढून भागतं आणि पिशवी राहते. मूल हवं असलेल्या तरुण बाईने हे आधीच सांगावं, काही जणींमध्ये नुसतं तोंड काढून पिशवी वाचवता येते. त्याहून मोठा, पण ४ सेंटिमीटरच्या आत असेल तर पिशवी, आजूबाजूचा भाग आणि गाठी काढतात. वय कमी असेल तर बीजकोष बऱ्याचदा ठेवता येतात. इथे एक सांगायला हवं. पोटावर चीर देऊन केलेलं ऑपरेशन गरिबाचं आणि दुर्बिणीचं भारीतलं, असं आपल्याला वाटतं. या मोठ्या ऑपरेशनपुरतं उलट आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चीर दिलेल्या बायकांमध्ये आजार कमी वेळा उलटला आणि त्या जास्त जगल्या. दुर्बिणीसाठी दागिने गहाण टाकू नका.

गाठ ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा आजार बाहेर सरकला असेल, तर किरणोपचार देतात. रुग्णालयात बरेच जण त्याला नुसतं "लाईट" म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्याला एकदा सलाईनमधून केमो आणि शेवटी आतून दिलेले किरण. हे सगळं ८ आठवड्यांत पुरं व्हावं लागतं. मध्ये खंड पडला की आजाराला सवड मिळते. तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबतं, बरं वाटू लागतं, आणि बाई म्हणते, पोरीचं लग्न उरकून येते. तेवढं मात्र करू देऊ नका. लग्नाची तारीख पुढे ढकला.

मशीनच्या किरणांनी बाईच्या अंगात काही साठून राहत नाही. नातवंडं मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. हा आजार शिवल्याने, सोबत जेवल्याने पसरत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवणारं घर आपल्यात तरी असू नये.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो, किरणोपचार हे सगळं बसतं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. सून नवी आली, तिचं नाव रेशनकार्डात नाही, अशा घरांनी ते आजच चढवून घ्यावं, ऐन वेळी धावपळ होते. मुंबईत टाटा, बार्शीत नर्गिस दत्त, नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं, संभाजीनगरात शासकीय अशी कर्करोगाची रुग्णालयं आहेत. मुंबईला राहायची अडचण असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी करा. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या.

घरी आल्यावर

मोठ्या ऑपरेशननंतर लघवीची नळी काही दिवस राहते. नळी काढल्यावरही लघवी लागल्याचं नीट कळत नाही, कारण तिथल्या नसा दुखावलेल्या असतात. मग घड्याळ लावून दर तीन तासांनी जायचं, लागो वा न लागो. हे बहुतेकींचं हळूहळू सुधारतं. पहिले दीड-दोन महिने पाण्याचा हंडा उचलायचा नाही, कपड्यांची बादलीही नाही. पहाटे पाच वाजता नळ येतो आणि बाईच उठते, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढे दिवस पाणी नवऱ्याने आणि मुलाने भरावं. त्यात कमीपणा काही नाही.

किरणोपचारात जुलाब होतात, लघवीला जळजळतं, फार थकवा येतो. सार्वजनिक संडासापुढे रांग लावून उभं राहणं तेव्हा शक्य नसतं. घरात झाकणाची बादली ठेवा, शेजाऱ्यांना विश्वासात घेऊन रांगेत पुढे सोडायला सांगा, नाहीतर तेवढे दिवस रुग्णालयाजवळ राहा. जेवणात मऊ भात, मुगाचं वरण, ताक, अंडं, परवडेल तेव्हा मासे. तिखट आणि तळलेलं थोडे दिवस बाजूला. उपाशी ठेवणारे, "गोड बंद, दूध बंद" सांगणारे सल्लागार गल्लोगल्ली भेटतील, त्यांचं ऐकू नका. अंगात रक्त कमी असेल तर किरणांचा गुण कमी येतो, म्हणून डॉक्टर रक्त चढवायला सांगतील तेव्हा रक्तदात्यांची यादी तयार असू द्या. मशेरी आणि तंबाखू मात्र बंदच.

गाठी काढल्या असतील तर काही जणींचा पाय जड होतो, सुजतो. अनवाणी फिरू नका, पायाला जखम झाली तर लगेच धुऊन औषध लावा, बसताना पाय उंचावर ठेवा.

आता नवरा-बायकोबद्दल, कारण हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, संबंध ठेवता येतात. किरणोपचारानंतर मार्ग कोरडा होतो आणि आवळत जातो. त्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत नळी देतात. ती जेल लावून आठवड्यातून दोन-तीनदा वापरायची. संबंध नको असले तरी वापरायची, कारण मार्ग बुजला तर पुढे डॉक्टरांना आत तपासता येत नाही. एका खोलीच्या घरात त्यासाठी पाच मिनिटांचा आडोसा मिळवून देणं हे घरच्यांचं काम. नवऱ्याने घाई करू नये. संबंधातून त्याला कर्करोग लागेल ही भीती खोटी आहे. बाईच्या मनातली "आता मी बाई राहिले नाही" ही सलही खरी असते, ती तिला बोलू द्या. पाळी अचानक बंद झाल्याने अंगातून वाफा निघतात, झोप जाते, चिडचिड होते. हे नखरे नव्हेत. त्यावर औषध असतं, विचारा.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी असते. उलटलाच तर आजार बहुतेक वेळा याच पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. पुन्हा रक्त दिसलं, वजन उतरलं, एक पाय सुजला, संडासातून रक्त गेलं, तर तारखेची वाट न बघता जा. तुकड्याचा अहवाल आणि उपचाराचा सारांश प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत ठेवा. पावसात छत गळतं आणि नेमके तेच कागद भिजतात.

आईला झाला म्हणजे मुलीला होणारच, असं या आजारात नाही. तरी त्या घरातल्या तिशीपुढच्या सगळ्या जणींनी एकदा तपासून घ्यावं. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ मध्ये बाजारात आली. तुमच्या भागात सरकारी केंद्रावर कधी आणि कोणत्या वयाला देतात, ते विचारून घ्या. लसीने पाळीवर किंवा पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. आणि लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावी लागतेच, कारण विषाणूच्या सगळ्या जाती लसीत येत नाहीत.